ओल्या भिंतीचा गुन्हा

साहेबांनी आमच्या भिंतीला हात लावला, तळव्याला माती लागली, आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "हे घर नवीन आहे. कालपरवाच उभं केलंय."

ते कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत लिहिते आहे, एवढाच फरक. माझे वडील, मी त्यांना अण्णा म्हणायची, साहेबांच्या शेजारी उभे होते. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग साहेबांच्या तळव्याकडे, आणि धोतराच्या सोग्यानं तो तळवा पुसायला पुढं झाले. ते पाहून मला जो राग आला तो इतक्या वर्षांनी हे लिहितानाही पुरता उतरलेला नाही. म्हणूनच लिहिते आहे. हल्ली जुन्या घरांबद्दल लोक फार गोड लिहितात. झोपाळे, कंदील, तुळस. मला गोड लिहायचं नाही.

आमचं घर, शहराच्या कडेला तेव्हा नुकत्याच वसत असलेल्या जयनगरच्या पलीकडे, तळ्याच्या काठावर होतं. तेव्हा जयनगरातच अर्ध्या प्लॉटांवर गवत वाढलेलं असायचं, त्याच्या पलीकडचं म्हणजे गावाबाहेरचंच. आम्ही भोई. पणजोबांच्याही आधी कुणीतरी कृष्णाकाठून पालखी खांद्यावर घेऊन या मुलखात उतरलं आणि परत गेलं नाही, असं घरात सांगत. पालखीत कोण बसलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पालखी गेली, मासे धरणं राहिलं. घरात मराठी राहिली, तीही अशी की पुण्याहून आलेल्या कॉलेजातल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "तू नक्की कुठली गं?" मी म्हटलं, "इथलीच की." त्यांना ते 'की' फार विनोदी वाटलं.

घराची पाठ रस्त्याला होती आणि तोंड पाण्याला. रस्त्याच्या बाजूला दार नाही, खिडकी नाही, नुसती आंधळी भिंत. येणाऱ्याला वाटायचं घर रुसून बसलंय. पण आमचं सगळं जाणं-येणं पाण्यावरूनच होतं. पुढं कट्टा, कट्ट्यावर जाळी टांगायच्या खुंट्या, आणि खाली पालथा घातलेला हरिगोल, म्हणजे बांबूची विणलेली, कातडं मढवलेली गोल नाव. पहाटे अण्णा तो डोक्यावर घेऊन पाण्याकडे निघाले की मागून फक्त पाय दिसायचे. कासव चाललंय असं वाटायचं.

आणि तळ्याकडची ती भिंत. सगळी गोष्ट त्या भिंतीची आहे, म्हणून नीट सांगते.

वैशाखात तळं आटत आलं की काठाजवळचा गाळ उघडा पडायचा. तो टोपल्यांनी काढायचा, त्यात भाताचा पेंढा आणि शेण घालून तुडवायचा, आणि त्याचा एक थर पुढच्या भिंतीला द्यायचा. दरवर्षी एक थर. आधीचा खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा. आणि नियम असा, की ज्यानं तळ्याचं खाल्लं त्यानं भिंतीला एक हात द्यायचा. म्हणजे आम्ही तर द्यायचोच, पण शेजारचे म्हशीवाले, पलीकडचे धोबी, मासे न्यायला येणारी मुसलमान आजी, सगळी येऊन एकेक मूठ थापून जायची. लग्न होऊन गेलेल्या मुली त्यासाठी माहेरी यायच्या. पिढ्यान्पिढ्या असं चाललं, तेव्हा भिंत जाड होत होत पुढं आली. मधोमध तिचं पोट सुटलं होतं. माझी आई, मी तिला अव्वा म्हणायची, त्या भिंतीला 'पोटुशी' म्हणायची. उन्हाळ्यात आत माठासारखा गारवा, थंडीत ऊब. नवरा-बायकोचं भांडण बाहेर ऐकू जायचं नाही, हाही एक फायदा अव्वा सांगायची.

मी मात्र लहानपणी त्या भिंतीला लाजायची. कॉलेजात गेल्यावर तर जास्तच. आमच्या घराण्यात चौथीपुढं कुणी गेलं नव्हतं, मी बी.ए.पर्यंत गेले. वर्गातल्या मुली माझ्या शेजारच्या बाकावर वही टाकून जागा धरून ठेवायच्या, म्हणजे तिथं कुणी बसायला नको आणि त्यांना मासळीचा वासही यायला नको. मी रोज शिकेकाईनं केस धुऊन जायची, तरी वही बाकावर यायचीच. पदवी मिळाली त्या दिवशी मी अंघोळ न करता, सकाळी मरळ साफ केलेल्या हातांनीच ती घ्यायला गेले. ते मी आजही अभिमानानं सांगते.

मग एक दिवस तळ्याभोवती खुंटे ठोकले गेले. तळं बुजवून तिथं वसाहत करायची ठरली होती. काठावरची जी घरं जुनी ठरतील त्यांना राहू देणार किंवा बदली जागा देणार, जी नवी ठरतील ती अतिक्रमण म्हणून पाडणार, बदल्यात काही नाही. म्हणजे सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. घर जुनं की नवं? आमच्याकडे कागद नव्हता. तळ्याकाठी राहायला कागद लागतो, हे आमच्यातल्या कुणालाही कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

खात्याचे साहेब पाहणीला येणार असं कळलं. आदल्या दिवशी अव्वानं काय केलं, तर जपून ठेवलेला गाळ भिजवला आणि पुढची भिंत वरपासून खालपर्यंत लिंपून काढली. वैशाख नव्हता, संक्रांतीच्या पुढचे दिवस होते, पण पाहुणा येणार म्हणजे घरानं तोंड धुवायला नको? आम्हीही कौतुकानं बघत बसलो. माझ्यासकट कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की माती ओली दिसणं हा पुरावा होऊ शकतो. कुठल्याही शहाण्या माणसाच्या घरी पाहुण्यासाठी सडा घालतात, तसंच ते होतं.

साहेब रस्त्यानं आले. दार सापडेना म्हणून घराला वळसा घातला. चिखलात बूट गेला. आणि पुढं आल्यावर त्यांना ती ओली, गुळगुळीत, काळी भिंत दिसली. पुढचं सांगितलंच आहे.

"साहेब, ही तर माझ्या आजाच्या..." अण्णा म्हणाले.

"सगळ्यांचेच आजे असतात," साहेब म्हणाले. "मागच्या आठवड्यात पाहिलेल्या घरात चूलसुद्धा अजून पेटलेली नव्हती, आणि म्हातारा सांगत होता, टिपूच्या काळापासून राहतो."

खोटं नव्हतं ते. रातोरात झोपड्या उठत होत्याच, आम्हीही पाहिल्या होत्या. पण चोर पकडायचा म्हणून रस्त्यातल्या पहिल्या माणसाच्या कानशिलात मारायची, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. कलाबूत असलेली साडी नेसले आणि इंग्रजीत बोलले. साहेबांना ते अपेक्षित नव्हतं. खुर्ची दिली.

"पुरावा काय आहे तुमच्याकडे, अम्मा?"

"भिंत आहे."

"भिंत फायलीला लावता येत नाही."

"मग फाईल भिंतीला लावा."

ते हसले. वाईट माणूस नव्हता तो, हेच जास्त चिडवणारं होतं. म्हणाले, "एखाद्या जाणत्या माणसाकडून लिहून आणा, की घर जुनं आहे. मी बघतो."

जाणता माणूस. त्या घरात जन्मलेला माझा बाप जाणता नव्हता, कारण त्याला सही येत नव्हती. मी मात्र जाणती असायला हवी होते, पण तीही मी नव्हते, कारण घर माझं होतं. म्हणजे घराबद्दल बोलायचा हक्क ज्याचा घराशी काहीही संबंध नाही त्यालाच. हा कायदा मला बी.ए.ला कुणी शिकवला नव्हता.

मी कॉलेजातल्या माझ्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडे गेले. चांगले शिकवायचे, खडूनं फळ्यावर किल्ल्यांच्या तटाच्या आकृत्या काढायचे. ते म्हणाले, "थर असतील तर दिसायला हवेत. कापून दाखवावं लागेल."

घरी येऊन सांगितलं तर अण्णा भडकले. "भिंतीला कोयता लावायचा? घर आहे का दवाखाना?"

"अहो, एवढासाच," अव्वा म्हणाली. "दाराशेजारी. कोनाडा झाला असं समजू."

"तुझ्या माहेरच्या भिंतीला पाड कोनाडे."

"माझ्या माहेरी एवढी जाड भिंत असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

अण्णा जाळं घेऊन पाण्यावर निघून गेले. ते गेल्यावर अव्वानंच कोयता घेतला. आधी भिंतीच्या पाया पडली, मग दाराच्या उजव्या अंगाला सरळ उभा घाव घातला. माती लोण्यासारखी कापली जात नव्हती, आतून दगडासारखी होती. आम्ही दोघींनी आळीपाळीनं तोडलं. प्राध्यापक आले तेव्हा वीतभर खोल खाच झाली होती, आणि त्यांनी ओल्या फडक्यानं ती पुसली तेव्हा मला पहिल्यांदा ते दिसलं.

थरावर थर. काळपट, तांबूस, राखाडी, पुन्हा काळा. कांदा कापल्यासारखे, पण सरळ रेघांत. मध्येच शंखांचे पांढरे तुकडे, मध्येच पेंढ्याची काडी, एका थरात माशाचं खवलं चमकत होतं. एक थर नुसता पांढरा, चुन्याचा. तो प्लेगच्या सालचा असावा असं अण्णा म्हणाले. तेवढ्यात पाण्यावरून परत आले होते, रागावलेले होते, पण बघायला वाकलेच.

"आणि हा तांबडा, आपलं लग्न झालं तेव्हाचा."

"कशाचा लग्नाचा," अव्वा म्हणाली. "म्हशीवाल्यांची म्हैस बुडून मेली त्या सालचा तो. लग्नाच्या साली पाऊस उशिरा झाला होता, गाळ पिवळा होता."

"मला माझं लग्न आठवत नाही काय?"

"तुम्हाला म्हैसही आठवत नाही."

खरं काय ते दोघांनाही माहीत नव्हतं. प्राध्यापकांनी थर मोजले, पुन्हा मोजले, दोन्ही वेळा वेगळा आकडा आला. पण घर कालपरवाचं नाही हे आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं. त्यांनी खिशातली फूटपट्टी काढली, अव्वाला खाचेशेजारी धरायला लावली आणि कॅमेऱ्यानं फोटो घेतले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, तुमच्याकडे काय आहे?"

"घर आहे, सर."

"याला वारसामूल्य आहे," ते म्हणाले. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला आवडला, खोटं कशाला बोलू. आमच्या भिंतीला इतका भारदस्त शब्द पहिल्यांदाच मिळत होता.

चहा झाला. निघताना अव्वा पुढं झाली. तिच्या हातात भिजवलेल्या मातीचा गोळा होता. "सर, चहा प्यालात. पाणी तळ्याचंच. एक हात द्या भिंतीला."

प्राध्यापक मागं सरकले. "नको, नको. मी हात लावला तर बिघडेल ते."

अव्वाला कळेना. "बिघडतं कसं? हात लावून-लावूनच झालंय की."

ते हसले, आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, की तुझी आई फार निरागस आहे. मी ते अव्वाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? नव्हतं. तिनं तो गोळा त्यांच्या कोटावर थापला असता.

त्यांचं पत्र गेलं आणि काम झालं. हुकूम इंग्रजीत होता, दोन पानी. मी कट्ट्यावर बसून एकेक ओळ वाचून मराठीत सांगत होते, अण्णा हरिगोलावर बसून ऐकत होते. घर जुनं आहे. घराला वारसामूल्य आहे. घर पाडू नये. कुटुंबाला राहू द्यावं. अण्णांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते रडत होते असं मी म्हणणार नाही, पण नाक ओढत होते.

मग मी पान उलटलं.

दर्शनी भिंत आहे त्या स्थितीत ठेवावी. तिच्यावर कोणताही नवा लेप देऊ नये. समोर जाळी टांगू नयेत. मासे वाळवू नयेत. कट्ट्यावर चूल पेटवू नये.

मांडीवरचं पागोटं पुन्हा डोक्यावर गेलं. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे राहायचं, पण राहिल्यासारखं दिसायचं नाही."

मी तडक प्राध्यापकांकडे गेले. "सर, लिंपायचं नाही, हे कुणी घातलं?"

"मीच सुचवलं."

"का?"

"नवा थर दिला की जुना झाकला जातो."

"तो झाकायलाच तर दिलेला असतो, सर. पावसात वरचा थर धुऊन जातो, म्हणून आतला वाचतो. यंदा थर दिला नाही तर पुढल्या पावसात आईनं आत्ता दिलेला जाईल, त्याच्या पुढल्या वर्षी त्याच्या मागचा. तुमचं वारसामूल्य तळ्यात वाहून जाईल."

"छपराला पुढं पत्रा जोडता येईल. बघू, काही तरतूद होते का."

"पत्रा नको. वैशाखात एक दिवस लागतो."

ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, जुन्या थरांना किंमत आहे. आज तुझ्या आईनं लावलेल्या मातीला इतिहासात काय किंमत?"

"जुना थर ज्या दिवशी लावला त्या दिवशी नवाच होता की, सर."

माझा 'की' ऐकून ते हसले नाहीत. पण हुकूमही बदलला नाही. मी खात्याकडे अर्ज केला, लिंपण करायची परवानगी मागणारा. उत्तर आलं नाही. पुन्हा गेले, साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कारकून म्हणाला, "स्वल्प तडी अम्मा," म्हणजे जरा थांबा. आणि तळं तर थांबत नव्हतं. येणारे ओढे वसाहतीच्या नळ्यांनी तोडले होते, म्हणून त्या वर्षी गाळ चैत्रातच उघडा पडला.

आता खरं भांडण घरात लागलं. अण्णांना भीती वाटत होती, आणि ती रास्त होती. "कागद मिळालाय तर कागदावर राहू," ते म्हणाले. "आजवर नव्हता, आता आहे. कागद गेला तर घर जाईल."

अव्वा म्हणाली, "आणि भिंत गेली तर राहील ते काय? पोराला अंघोळ घालायला साहेबाला विचारतात काय कुणी?"

"पोर आपलं असतं."

"भिंत कुणाची आहे मग?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कागद मी आणला होता, तेव्हा बोलायचं मीच. मी दोन दिवस बोलले नाही. शाळेत शिकवायला जायची, परत यायची, कट्ट्यावर बसायची. समोर रिकाम्या खुंट्या, मागं ती खाच पाडलेली भिंत. येणारे-जाणारे आता रस्त्याकडून वळसा घालून बघायला यायचे. एक कुटुंब तर डबा घेऊन आलं. त्यातल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही इथल्या राखणदार का?" मी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी माझं ठरलं.

इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे. पुढं त्या खात्याच्या कागदांत लिहिलं गेलं, की अज्ञानामुळे कुटुंबानं अटीचा भंग केला. खोटं आहे ते. मी दोन्ही पानं शब्द न् शब्द वाचली होती, काय होईल ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि मग मी पदर खोचला. घरानं मला शिकवलं, कॉलेजानं शिकवलं, ते काय भिंतीसमोर डबे खाणाऱ्यांना वाट दाखवायला?

आम्ही सकाळी लिंपायला घेतलं. अव्वा आणि मी माती तुडवत होतो, म्हशीवाल्यांच्या घरची सगळी आली, धोबी आले. मुसलमान आजी आता फार थकली होती, तिला नातसुनेनं धरून आणलं. तिनं मूठ थापली आणि म्हणाली, "अजून जिवंत आहे बाबा मी, लिहून ठेव." अण्णा दूर हरिगोलाशी बसून राहिले होते. ती खाच तशीच सोडावी की भरावी, यावर थोडं थांबलो. अव्वानं भरली. जखम उघडी ठेवत नाहीत, म्हणाली. अगदी शेवटी अण्णा उठून आले, कुणाकडे न बघता एक हात दिला, आणि हात न धुताच तळ्यावर गेले. त्या दिवशी जाळं टाकायला तळ्यात पाणी उरलं होतं कुठं? नुसतेच उभे राहिले असतील.

साहेब आठवड्यानं आले. या वेळी त्यांनी भिंतीला हात लावला नाही. लांबूनच बघितलं, वहीत लिहिलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "अम्मा, एवढ्या खटपटीनं कागद मिळवलात. थांबायचं होतं थोडं."

"कशासाठी थांबायचं होतं?"

"आम्ही विसरेपर्यंत." ते अगदी मनापासून म्हणत होते.

मी म्हटलं, "तुम्ही विसरेपर्यंत घर विसरलं असतं, साहेब."

हुकूम रद्द झाला. मूळ स्थितीत बदल केल्यामुळे घराचं वारसामूल्य उरलेलं नाही, असं त्यात होतं. संरक्षण गेलं आणि अट मोडली म्हणून बदली जागाही गेली. पाडायला गडी आले ते पावसाच्या आधी. कौलं अर्ध्या दिवसात उतरली. भिंतीला मात्र कुदळी रुतून बसायच्या, निघायच्या नाहीत. गडी शिव्या घालत होते. त्यातला एक म्हातारा गडी शेवटी अव्वाला म्हणाला, "अक्का, कुणी बांधली गं ही?" अव्वा म्हणाली, "सगळ्यांनी." मग बसली तिथंच मातीत, पाय पसरून, ऊन उतरेपर्यंत.

आम्ही जयनगरच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. माझ्या पगारात भागत होतं. विटांची भिंत, वर फिकट निळा रंग. अव्वाला तिथं उन्हाळ्यात झोप लागायची नाही. अण्णा कारखान्याच्या गेटावर रखवालदार झाले, त्यांच्या अंगाचा मासळीचा वास गेला, आणि तो गेला तेव्हा मला कळलं की मला तो हवा होता.

हे सगळं होऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी नियतकालिक आलं होतं. त्यात प्राध्यापकांचा लेख. दक्षिणेतल्या तळ्यांकाठच्या मातीच्या बांधकामांवर. विद्वत्तापूर्ण होता, मी नावं ठेवणार नाही. आमच्या भिंतीचा फोटो अर्धं पान भरून होता. थर इतके स्वच्छ आले होते की बोट फिरवावंसं वाटलं. कडेला फूटपट्टी, आणि पट्टी धरलेली चार बोटं, नखांत माती. खाली लिहिलं होतं, 'एका पारंपरिक मासेमार कुटुंबाचं घर. आता नष्ट. कारागीर अज्ञात.'

मी ते नियतकालिक घेऊन कॉलेजात गेले. प्राध्यापकांच्या खोलीत दोन-तीन विद्यार्थी बसले होते, ते उठले नाहीत, मीही बसले नाही. मी पान उघडून टेबलावर ठेवलं आणि फोटोतल्या बोटांवर बोट ठेवलं.

"सर, ही बोटं कुणाची आहेत?"

त्यांनी चष्मा पुसला. त्यांना आठवलं होतं, ते दिसत होतं. "तुझ्या आईची," ते म्हणाले. "पण मी तिला एकटीला कर्ता कसं म्हणू? भिंत अनेक हातांनी झालेली."

"अनेक म्हणजे अज्ञात नाही, सर. मी नावं सांगते, लिहून घ्या. शेजारच्या म्हशीवाल्यांपासून सांगते."

"एवढी नावं छापत नाहीत गं. आणि असं बघ, असला वारसा एका घराचा नसतोच. तो सगळ्यांचा असतो."

विद्यार्थ्यांनी माना हलवल्या. एकानं तर ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

"सगळ्यांचा होता ना," मी म्हटलं, "मग पाडला त्या दिवशी तिथं आम्ही तिघंच कसे होतो?"

मी टेबलावरची लेखणी उचलली, 'अज्ञात' या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि समासात माझ्या आईचं नाव लिहिलं. मग वडिलांचं. मग मासे न्यायला येणाऱ्या मुसलमान आजीचं, म्हशीवाल्यांचं, धोब्यांचं. समास भरला तेव्हा फोटोच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहिलं. ते नियतकालिक शाळेच्या वाचनालयाचं होतं, त्याचा दंड मी भरला. आणि ते तसंच, लिहिलेलं, परत कपाटात ठेवलं.